भावा, तो टायमर काढ

भावा, चपलांची साईट झ्याक झालीया, पण वर 'फक्त १० मिनिटं शिल्लक'वाला टायमर कशाला? पान रिफ्रेश केलं की परत दहापासनं सुरू! गिऱ्हाईक काय खुळं हाय व्हय? केंद्रानं २०२३ मध्ये डार्क पॅटर्नचे, म्हंजी साईटवर गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांचे, १३ प्रकार ठरवलेत, त्यात खोटी घाई पहिल्याच नंबरला हाय.

फॉलोअर इकत घिऊ नगोस. मी घेतले हुते, ५०००. चप्पल एकानंबी घेतली न्हाई.

त्यापेक्षा कापशी कोल्हापुरी चप्पल पायात घाल, चालतानाचा करकर आवाज मोबाईलवर घे. चामड्याच्या वादीची शिलाई जवळनं दाव. 'एआय डिझाईन' असलं कायबी लिहू नगोस, आजा हसंल. आणि महाद्वार रोडला सांगतोस तीच किंमत टाक, शेवटच्या पानावर डिलिव्हरी चढवू नगोस.