पथदिव्यांची निविदा: वॅट लिहून भागत नाही

तुमच्या नगरपंचायतीने 36 वॅटचे एलईडी पथदिवे घेतले, पहिल्याच वळवात निम्मे गेले, ठेकेदार ‘लाइनचा दोष’ म्हणून हात झटकतो आणि आता ‘पर्यावरणपूरक खरेदी’ म्हणून नवी निविदा काढायची आहे. तुमची पोस्ट वाचून वाटलं, आमचीच जुनी फाइल कुणीतरी उघडली. जेम (सरकारी ऑनलाइन खरेदीचं पोर्टल), दोन लिफाफे (एक तांत्रिक, एक दराचा) वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

घोळ एका ओळीत असतो. निविदेत नुसतं ‘36 वॅट’ लिहिलेलं असतं. दिवा वीज किती खातो ते त्यात आलं, उजेड किती देतो ते नाही. मग सर्वांत कमी दराने 80 ल्युमेन (उजेडाचं माप) प्रति वॅटचा माल गळ्यात पडतो. ‘पूर्ण फिटिंगमधून बाहेर पडणारा उजेड किमान 120 ल्युमेन प्रति वॅट’ असं लिहा आणि त्याच मॉडेलचा, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा एलएम-79 अहवाल, म्हणजे पूर्ण दिव्याच्या उजेडाची चाचणी, मागा. ठेकेदार हमखास एलएम-80 जोडतो. तो आतल्या एलईडी चिपचा अहवाल, चिप कालांतराने किती मंदावते एवढंच सांगणारा. भिंगात किती उजेड आणि ड्रायव्हरमध्ये (चिपला हवी तशी वीज पुरवणारा भाग) किती वीज वाया जाते, याचा त्यात पत्ता नसतो. तांत्रिक लिफाफा उघडताना 79 की 80 एवढं पाहिलंत तरी अर्धं काम झालं.

वळवात दिवे पाण्यापेक्षा ड्रायव्हर जळून जास्त जातात. वीज कडाडली की तारेतून जास्त दाबाची लाट येते, न्यूट्रल (परतीची तार) तुटला की दाब 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत चढतो. म्हणून 10 केव्हीचा (किलोव्होल्ट) वेगळा सर्ज प्रोटेक्टर (ही लाट अडवणारा), 440 व्होल्ट सोसणारा ड्रायव्हर आणि आयपी 66 (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा), तिन्ही लिहा. खांबाला धड अर्थिंग नसेल तर प्रोटेक्टर बराचसा शोभेचाच. पाच वर्षांची हमी कागदावर सगळेच देतात. सुरक्षा ठेव पाच वर्षं अडकवून ठेवा, मग ठेकेदार फोन उचलतो.

आता ज्या कार्यालयाने (नाव घेत नाही) आमची हीच कलमं ‘दरसूचीत (सरकारी ठरीव दरांच्या यादीत) नाहीत’ म्हणून दोनदा परत पाठवली, त्यावर. मार्च उजाडतो आणि घाईत पुन्हा वॅटवालंच अंदाजपत्रक मंजूर होतं. त्यामुळे दर पृथक्करण (दर कसा आला त्याची फोड) आणि हा हिशेब पहिल्याच टिपणीला जोडा: 36 वॅट गुणिले 120 म्हणजे 4,320 ल्युमेन. तेवढाच उजेड 80 वाल्या दिव्यातून हवा तर 54 वॅट लागतात. रोज 11 तास धरले तर दिव्यामागे वर्षाला 72 युनिट जादा. 8 रुपये दर धरला तर पाच वर्षांत सुमारे 2,900 रुपये. दर तुमच्या बिलातला घाला. स्वस्त दिवा कितीला पडतो ते लेखापरीक्षकालाही कळतं. अर्थात मी नियमांचा जाणकार नाही, कलमांची भाषा तुमच्या लेखापालांकडून तपासून घ्या.

जाता जाता: वस्तीच्या गल्लीत 5,700 केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळसर) पांढराफेक उजेड नको, 4,000 पुरे, लोकांच्या तक्रारीही कमी येतात. आणि उतरवलेले सोडियम दिवे भंगाराच्या लिलावात घालू नका. त्यांत पारा असतो, ते ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्या आणि पावती फाइलला लावा.