ज्यांची खिल्ली, त्यांच्याच टाळ्या

प्रश्न : ‘अमेरिकन फिक्शन’ हा चित्रपट समीक्षकांनी डोक्यावर घेतला, त्याला ऑस्करही मिळाले. मात्र त्यातील उपहास फार सौम्य असून ज्या गोऱ्या उदारमतवाद्यांची तो खिल्ली उडवतो तेच तो पाहून खूश होतात, असा आक्षेपही वाचनात आला. आपल्याला हा आक्षेप पटतो का?

उत्तर : आक्षेप बराचसा पटतो, पण त्याचा रोख मला चुकीच्या जागी वाटतो.

कॉर्ड जेफरसन यांच्या या पहिल्याच चित्रपटाला सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात प्रेक्षक-पसंतीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे ऑस्करच्या पाच नामांकनांपैकी रूपांतरित पटकथेचा पुरस्कार त्याच्या पदरात पडला. मंक एलिसन या कृष्णवर्णीय लेखकाची पुस्तके ‘पुरेशी कृष्णवर्णीय’ नाहीत म्हणून प्रकाशक नाकारतात. तेव्हा तो चिडून टोपणनावाने, बंदुका आणि अमली पदार्थ यांनी ठासून भरलेली एक कादंबरी लिहितो, आणि चेष्टेने पाठवलेल्या त्या बाडावर साडेसात लाख डॉलरची बोली लागते. मंक साकारणाऱ्या जेफ्री राइट यांच्या अभिनयाविषयी फारसे दुमत झाले नाही. वाद झाला तो उपहासाच्या धारेविषयी.

मूळ कादंबरी पर्सिव्हल एव्हरेट यांची, २००१ सालची. तिच्यात मंकने लिहिलेली विडंबन-कादंबरी अख्खी छापलेली असल्यामुळे वाचकाला ती सोसावीच लागते, आणि आपण हिची मजा का घेत आहोत, हा प्रश्न त्याला चुकवता येत नाही. चित्रपटात तिचा एकच प्रसंग मंकच्या खोलीत त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रेक्षक हसतो आणि मोकळा होतो. उपहास बोथट वाटण्याचे कारण मला इथे दिसते. गोरी पात्रे पुरेशी दुष्ट दाखवली नाहीत, या तक्रारीत मला तितके तथ्य वाटत नाही. चित्रपटातल्या साहित्य पुरस्काराच्या समितीतील तीन गोरे सदस्य दोन्ही कृष्णवर्णीय परीक्षकांचा विरोध मोडून काढून हीच कादंबरी निवडतात, आणि वर कृष्णवर्णीयांचा आवाज ऐकण्याची हीच वेळ आहे असेही म्हणतात. याहून नेमका चिमटा कुणी काय काढणार?

कौटुंबिक कथानक उपहासाला जोडून दिल्यासारखे वाटते, हे काही समीक्षकांचे मत मात्र मला मुळीच मान्य नाही. बहिणीचा अकाली मृत्यू, आईचा अल्झायमर, भावाशी असलेले तुटक नाते ही मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय घरातील साधी दुःखे आहेत, आणि नेमक्या अशाच गोष्टीला प्रकाशकांच्या लेखी गिऱ्हाईक नसते. तो भाग कंटाळवाणा वाटणाऱ्याने आपण प्रकाशकाच्याच खुर्चीत तर बसलो नाही ना, हे एकदा तपासावे.

चित्रपटाची खरी उणीव सिंटारा गोल्डनच्या प्रसंगात आहे. वस्तीतील दारिद्र्यावर लिहून गाजलेली ही लेखिका (भूमिका इसा रे यांची) मंकला सुनावते की, आपण अभ्यास करून लिहिले आहे आणि अशी माणसेही खरोखर असतात. मंकची नाराजी तत्त्वाची आहे की वर्गीय तुच्छतेची, हा अवघड प्रश्न तिथे प्रथमच ऐरणीवर येतो, आणि नेमका तोच संवाद अर्ध्यावर तोडून चित्रपट पुढे सरकतो. शेवटी एकामागून एक पर्यायी शेवट दाखवण्याची युक्ती चतुर आहे खरी, पण त्या चतुराईमुळे दिग्दर्शकाला सिंटाराला उत्तर देण्यातून सुटका मिळते.