इंजिनिअरिंगसाठी राज्याच्या सीईटीत 94 पर्सेंटाइल, देशपातळीवरच्या जेईई मेनमध्ये 89, मग कॅपच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फॉर्ममध्ये कोणता स्कोअर भरू?

दोन्ही भर! एक निवडायचा असं काही नसतंच. सीईटीच्या स्कोअरवर तुझं नाव राज्याच्या मेरिट लिस्टमध्ये येतं आणि जेईई मेनचा भरलास की ऑल इंडियाच्या लिस्टमध्ये पण येतं, दोन्ही लिस्ट वेगळ्या. खासगी विनाअनुदानित कॉलेजात 15 टक्के सीट ऑल इंडियाच्या असतात, तिथे जेईईवाल्यांना आधी घेतात. माझ्या भाच्याने सायबर कॅफेत बसून जेईईचा रकाना मोकळाच सोडला, म्हणे 'कमी आहेत, कशाला दाखवायचे', आणि ती दुसरी लिस्ट हातची गेली ना, फार वाईट वाटलं तेव्हा.

आणि 94 विरुद्ध 89 अशी तुलना करूच नकोस, जेईईत निगेटिव्ह मार्किंग, सीईटीत नाही, बसणारी मुलंही वेगळी, त्यामुळे पर्सेंटाइलला पर्सेंटाइल लावून काही कळत नाही, मेरिट नंबर बघ. जेईई दोनदा दिली असशील तर चांगला स्कोअर एनटीए, म्हणजे जेईई घेणारी संस्था, स्वतःच धरते. फक्त जेईईचा अॅप्लिकेशन नंबर स्कोअरकार्ड समोर ठेवून एकेक आकडा तपासून टाक, आणि फॉर्म कन्फर्म व्हायच्या आत.