वावर भाचीला, गोफ वहिनीला

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, लग्न केलं नाही. दारव्हा तालुक्यात माझ्या कमाईचं दोन एकर वावर आहे. आईबाबा गेले, दोन भाऊ, एक बहीण आहे. वावर भाचीला अन् सोन्याचा गोफ मोठ्या वहिनीला द्यावा म्हणते, आजारपणात तिनंच माझं सारं केलं. तोंडी सांगून ठेवलं तर चालते काय?

उत्तर: बाई, तोंडी नको. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं सगळं तिन्ही भावंडांकडे जाईल. भाची, वहिनी दोघी बाहेर. साध्या कागदावर लिहा, वावराचा गट नंबर घाला. दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांच्याही घ्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करूनच टाका. सातबारा पाहिला की सख्खे भाऊही हिशेब मांडतात. गोफ मात्र वहिनीच्या गळ्यात आजच घाला की! त्याला कागद कशाला?