मान्यता नेमकी कोणाला, हे आधी बघा

प्रश्न : मी हडपसरला राहते. बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. विशेष गरजा असलेल्या लहान मुलांसोबत बालवाडीत काम करायचं आहे. एका खासगी संस्थेचा एक वर्षाचा ‘इंटरनॅशनल ॲक्रेडिटेड’ कोर्स करू का?

उत्तर : फी भरण्याआधी विचारा, मान्यता कोणी दिली आणि कशाला दिली? अमेरिकेतली एनएईवायसी ही बालशिक्षणावर काम करणारी संस्था १९८५ पासून बालशिक्षण केंद्रांना मान्यता देते. ती केंद्राला मिळते, तिथल्या शिक्षिकेला नव्हे. शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी तिची वेगळी प्रक्रिया आहे. माहितीपत्रकावरच्या लोगोतून यातलं काहीच कळत नाही, आणि सोनेरी शिक्का काय, छापखान्यातही मिळतो.

आपल्याकडे विशेष शिक्षिका व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला कोर्स हवा. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. स्पेशल एज्युकेशन आहे. तुम्ही पदवीधर होणार, तेव्हा बी.एड. स्पेशल एज्युकेशनचाही विचार करा. कोर्सनंतर परिषदेकडे नोंदणी करून सीआरआर क्रमांक, म्हणजे तिच्या केंद्रीय नोंदवहीतला क्रमांक, घ्यायचा. मुली अडकतात ते इथे : कॉलेजला मान्यता असते ती श्रवणदोषाच्या शाखेची आणि प्रवेश घेतात बौद्धिक अक्षमतेच्या शाखेला, किंवा मान्यतेची मुदतच संपलेली असते. कॉलेजचं नाव, शाखा आणि वर्ष, तिन्ही परिषदेच्या वेबसाइटवर ताडून बघा.

कोर्स चालू असतानाच शाळा बघायला लागा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अक्षमता आहेत, त्यामुळे ‘आम्ही सर्वसमावेशक आहोत’ असं सगळ्याच शाळा म्हणतात. भिंतीवर व्हीलचेअरचं चित्र आणि वर्षातून एकदा सगळ्या धर्मांचे सण, एवढ्यावर ते निभत नाही. प्रवेशअर्जात घरात बोलली जाणारी भाषा विचारली आहे का? पुण्यात बांधकामावरच्या कुटुंबातली मुलं कन्नड, तेलुगू, हिंदी बोलत येतात. मराठीतली सूचना न कळलेल्या मुलाला ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळतो आणि विनाकारण तपासणीला धाडलं जातं. वडिलांच्या सहीशिवाय अर्ज अडतो का? दिवसाचा क्रम दाखवणारी चित्रं मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत की बाईंच्या?

सरावात तारीख घातलेल्या निरीक्षणांची वही ठेवा. ‘हट्टी आहे’ लिहू नका. ‘१०.२० ला मिक्सर सुरू झाला, कान झाकले, टेबलाखाली गेला, चार मिनिटांनी बाहेर आला’ असं लिहा. मुलासाठी ठरवलेलं उद्दिष्टही मोजता येईल असं हवं : ‘सहा आठवड्यांत, हातात खेळणं असताना, गोलात पाच मिनिटं बसेल’. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ही वही जास्त बोलते. मुलांची नावं मात्र खोडा.

शॅडो टीचरची, म्हणजे वर्गात एकाच मुलाच्या मदतीला बसणाऱ्या शिक्षिकेची, नोकरी आली तर पगार शाळा देणार की पालक, हे लेखी घ्या. पालक देत असतील तर मूल शाळा सोडेल त्या महिन्यात तुमचा पगारही थांबतो. शिवाय वर्गशिक्षिका त्या मुलाला सरळ तुमच्यावर सोपवून मोकळी होते. म्हणून वर्गाच्या नियोजनाच्या बैठकीत तुम्हाला बसू देतील का, हे त्याच वेळी विचारा.