आइसलँडमध्ये गोल्डन सर्कल या पर्यटन मार्गाच्या एकदिवसीय सहलीत कोणते पारंपरिक पदार्थ खावेत?

राय (rye) या धान्याचा पाव चुकवू नका. लॉयगरवात्न या गावी तळ्याकाठच्या काळ्या वाळूत खालून वाफा येतात. तिथे पिठाचं भांडं पुरून 24 तासांनी उकरतात. पाव गडद, ओलसर, गोडसर निघतो. गरम असतानाच वर लोणी आणि धुरावलेला ट्राउट मासा घालून खायचा.

पुढे गुल्फॉस धबधब्याचे गार तुषार अंगावर घेतलेत, की तिथल्याच कॅफेत बटाटे, गाजर घातलेलं मेंढीच्या मटणाचं सूप घ्या. तिखटाची अपेक्षा नको.

गाडीत चघळायला सुकवलेला मासा, तोही लोणी लावून. वास येतो, सहप्रवाशांना आधी विचारा! शाकाहारींसाठी स्कीर, आपल्या चक्क्यासारखं घट्ट. कोणत्याही सुपरमार्केटात मिळतं.

आंबवलेला शार्क मात्र हौस असेल तरच, तोही एकच तुकडा.