कागदावर ‘बीपीएडी’ की ‘बीपीडी’? दोन निदानांत अडकलेल्या घरासाठी

तुमच्या २४ वर्षांच्या बहिणीच्या एका कागदावर ‘बीपीएडी’ लिहिलंय, दुसऱ्या डॉक्टरांच्या कागदावर ‘बीपीडी’, आणि तिचा मूड दिवसातून तीन-चार वेळा फिरतो. मग खरं काय धरायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी अक्षरं नीट पाहू. आपल्याकडच्या ओपीडीत बीपीएडी म्हणजे बायपोलर अफेक्टिव्ह डिसऑर्डर (मूड काही काळ खूप चढतो, काही काळ खूप खचतो असा आजार) आणि बीपीडी म्हणजे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना, नाती आणि स्वतःची ओळख सतत अस्थिर राहते असा आजार). एका ‘ए’मुळे आजार बदलतो, उपचारही बदलतो. घाईत लिहिताना तो ‘ए’ गळूही शकतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांकडून पूर्ण नाव लिहून घ्या. कदाचित त्यांच्यात मतभेद नसेलच.

मतभेद खरा असेल, तर मूड किती टोकाला जातो यावर अडू नका. तो दोन्हीत टोकाला जातो. किती वेळ टिकतो ते पाहा. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तकानुसार मेनिया (मूड आणि उत्साह अतोनात चढलेला काळ) किमान एक आठवडा, जवळजवळ रोज आणि दिवसातला बहुतेक वेळ असावा लागतो (भरती करावी लागली तर ही मुदत लागू नाही). हायपोमेनिया (त्याचं सौम्य रूप) सलग ४ दिवस, डिप्रेशन २ आठवडे. बॉर्डरलाइनमधली लाट काही तासांची असते, क्वचितच काही दिवसांपलीकडे जाते. सकाळी रडणं, दुपारी हसणं, रात्री भांडी फेकणं या वर्णनावरून एकट्या बायपोलरचं निदान होत नाही. ‘रॅपिड सायकलिंग’ या शब्दाने इथे बरेच जण फसतात. त्याचा अर्थ वर्षात ४ किंवा अधिक एपिसोड (मेनिया, हायपोमेनिया किंवा डिप्रेशनचे असे सलग काळ), दिवसात चार नव्हे. मिश्र एपिसोडमध्ये (मेनिया आणि डिप्रेशनची लक्षणं एकाच वेळी) मात्र मूड तासागणिक हलू शकतो, पण तेव्हाही झोप, वेग आणि बोलणं अनेक दिवस सतत बिघडलेलं दिसतं.

झोपेबद्दल नेमकं विचारा. मेनियात तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना उठतो, पहाटे कपाटं रिकामी करतो, नवा धंदा काढायला निघतो. भांडणानंतर रात्रभर डोळा लागला नाही आणि दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं, ही वेगळी गोष्ट. ‘झोपत नाही’ एवढंच सांगितलंत तर डॉक्टरांना हा फरक कळणार नाही.

मग लाटेच्या आधी काय घडलं ते पाहा. बॉर्डरलाइनमध्ये बहुतेक वेळा आधी एखादा माणूस असतो: मेसेजवर निळी टिक आली पण उत्तर नाही, मैत्रिणीने बेत रद्द केला, बाबांचा आवाज चढला. आपल्याला सोडून जातील या भीतीने जीव कासावीस होतो, काल देव वाटणारा माणूस आज वैरी होतो, स्वतःच्याच हातावर वार केले जातात, आणि समजूत पटली की तासाभरात सगळं शांत. मेनिया एकदा चढला की समजूत घालून उतरत नाही. पण ताणाने बायपोलरचा एपिसोडही सुरू होऊ शकतो, म्हणून नुसतं कारण सापडलं एवढ्यावर बॉर्डरलाइन ठरवू नका.

माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न एकच: एपिसोड नसतो तेव्हा ती कशी असते? बायपोलरमध्ये मधल्या काळात बहुधा मूळचा माणूस परत दिसतो. बॉर्डरलाइनमध्ये आतली पोकळी, मी कोण हा गोंधळ आणि नात्यांतली ओढाताण किशोरवयापासून सलग असते. सख्ख्या नात्यात कुणाला बायपोलर असेल तर तेही सांगा. दोन्ही आजार एकत्रही असतात, हे विसरू नका.

गोळीने शांत झाली म्हणजे बायपोलरच, हा तर्क चुकीचा आहे. क्वेटियापिन या बायपोलरमध्येही देतात त्या गोळीने कुणालाही झोप येऊ शकते. उलट, बायपोलर असताना नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर मेनिया उसळू शकतो. थायरॉइड, स्टेरॉइड आणि नशा यांनीही चित्र बिघडतं, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या आणि स्टेरॉइड किंवा नशा असेल तर डॉक्टरांना सांगा.

पुढच्या भेटीआधी किमान सहा ते आठ आठवडे वहीत रोज एक ओळ लिहा: झोप किती तास, उठल्यावर थकवा की ताजेपणा, मूड उणे ५ ते अधिक ५, लाट किती वाजता आली-गेली, त्याआधी काय घडलं, पाळीची तारीख, गोळ्या घेतल्या का. महिन्याच्या शेवटी आठवून भरलेली वही उपयोगाची नाही, शेवटचं भांडणच सगळा महिना व्यापून टाकतं. तिच्या नकळत लिहू नका, तिलाच लिहू द्या आणि झोपेची नोंद तुम्ही वेगळी ठेवा.

निदानावर पुढचं बरंच ठरतं. बायपोलरचा पाया औषध आहे. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) असेल तर शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्तातली पातळी तपासतात, शिवाय किडनी आणि थायरॉइडवर लक्ष ठेवतात. व्हॅलप्रोएट हे तसंच दुसरं औषध गर्भाला घातक ठरू शकतं, त्यामुळे लग्नाचं किंवा मुलाचं घाटत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. बॉर्डरलाइनचा पाया थेरपी आहे, त्यात मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची डीबीटी (भावना सांभाळण्याची कौशल्यं शिकवणारी डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी) सर्वात तपासलेली. भेट ठरवण्याआधी विचारा की आठवड्याची वैयक्तिक भेट आणि कौशल्यांचा गट दोन्ही मिळेल का. हे निदान म्हणजे ‘स्वभावच वाईट’ असा शिक्का नव्हे. अनेकांची लक्षणं काही वर्षांत खूपच ओसरतात.

निदान ठरेपर्यंत कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका, लिथियम तर मुळीच नाही. आत्महत्येचा धोका दोन्हीत खरा आहे आणि लिथियमचा जादा डोस जीवघेणा असतो. म्हणून गोळ्या आठवड्यापुरत्याच आणा, कुलपात ठेवा आणि रोजचा डोस हातात द्या. ती मरणाबद्दल बोलली तर थेट विचारा, विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही. तिला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही लागतो, आणि जखम किंवा जादा गोळ्यांची शंका आली तर फोनवर वेळ न घालवता सरळ कॅज्युअल्टी गाठा. जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घ्या.